वडाळ्याच्या फेअरबँक साहेबांचें घराणें

सोलापूर व अहमदनगर (आजचें अहिल्यानगर) या जिल्ह्यांतील जुन्या मंडळ्यांत फेअरबँक, हार्डिंग, बॅलंटाइन व ह्यूम हीं नांवें अद्यापि घेतलीं जातात. हीं चार निरनिराळीं घराणीं, असा पुष्कळांचा समज असतो. परंतु विवाहसंबंधांनीं तीं एकमेकांत इतकीं गुंतलेलीं आहेत कीं, एकाची हकीकत सांगूं लागलें असतां बाकीच्या तिघांचीं नांवें आपोआप येतात. त्यांपैकीं रे. सॅम्युएल बेकन फेअरबँक यांचें चरित्र आणि त्यांच्या कुळाचें मूळ यांविषयीं येथें थोडक्यांत लिहिण्याचें योजिलें आहे.

प्रथम मूळ पुरुषाकडे वळूं. इंग्लंडांतील यॉर्कशायर प्रांतांत सोअर्बी नांवाचें गांव आहे. तेथील जोनाथन फेअरबँक्स हा गृहस्थ बायको ग्रेस व सहा मुलें यांस घेऊन १६३३ सालीं समुद्र ओलांडून अमेरिकेंत बोस्टन येथें उतरला. पुढें तीन-चार वर्षांनीं बोस्टनपासून जवळच डेडहॅम हें नवें गांव वसलें, तेव्हां गांवच्या करारपत्रावर सही करणाऱ्यांत तो होता. त्यानें तेथें लांकडाचें घर बांधलें. त्या घराच्या तुळयांवरील वार्षिक वलयें मोजून जाणत्यांनीं त्याचा काळ १६३७ ते १६४१ च्या दरम्यानचा ठरविला आहे. उत्तर अमेरिकेंत लांकडी सांगाड्याचें याहून जुनें घर आज उभें नाहीं. एकाच कुळाच्या आठ पिढ्या त्या घरांत नांदल्या, व विसाव्या शतकाच्या आरंभीं कुळांतील लोकांनींच तें विकत घेऊन सर्वांस पाहण्यासाठीं राखून ठेविलें.

जोनाथन १६६८ सालीं वारला. त्याचे वंशज पुढें चहूंकडे पसरले. वजन करण्याचा मोठा फळीचा कांटा ज्यानें १८३१ च्या सुमारास काढिला, तो व्हरमाँट प्रांतांतील थेडियस फेअरबँक्स याच कुळांतला. १९०५ ते १९०९ पर्यंत अमेरिकेचे उपाध्यक्ष असलेले चार्ल्स फेअरबँक्स हेही याच कुळांतले. या सर्व शाखांची वंशावळ लॉरेन्झो सेल्स फेअरबँक्स या गृहस्थांनीं १८९७ सालीं बोस्टन येथें छापून प्रसिद्ध केली. एवढें मोठें काम त्यांस साधलें तें कशाच्या बळावर? गांवोगांवच्या मंडळ्यांचीं बाप्तिस्म्याचीं व विवाहाचीं पुस्तकें, जमिनीचे दाखले, मृत्युपत्रें आणि थडग्यांवरील लेख यांच्या बळावर. कोणा पाळकानें दोनशें वर्षांपूर्वीं संध्याकाळीं दिव्याजवळ बसून एक ओळ लिहिली, म्हणून दोनशें वर्षांनंतर एक फांदी खोडास जोडतां आली.

परंतु वंशावळींत जें लिहिलेलें असतें तेवढेंच खरें, असें समजूं नये. डेडहॅमची जमीन रिकामी नव्हती. तेथें पूर्वींपासून त्या देशचे मूळ लोक राहत होते. त्यांच्यांतील पुष्कळांनीं जॉन एलियट या उपदेशकाच्या शिकवणीनें प्रभूचा स्वीकार केला, आणि १६५१ सालीं डेडहॅमच्या शेजारींच नेटिक हें त्यांचें गांव वसलें. १६६३ सालीं त्यांच्या भाषेंत संपूर्ण पवित्र शास्त्र छापून निघालें. असें असूनही डेडहॅमकरांनीं नेटिकच्या जमिनीवर हक्क सांगून पुष्कळ वर्षें वाद चालविला. पुढें १६७५ सालीं वसाहतवाले व मूळ लोक यांच्यांत मोठें युद्ध जुंपलें. त्यांत जोनाथनचा मुलगा जोनास व नातू जोशुआ हे लँकेस्टर गांवावरील हल्ल्यांत १६७६ च्या फेब्रुवारींत मारले गेले. त्याच हिवाळ्यांत नेटिकच्या ख्रिस्ती लोकांस, त्यांचा कांहीं अपराध नसतां, केवळ संशयानें बोस्टनजवळील एका उजाड बेटावर नेऊन ठेविलें. थंडीनें व उपासमारीनें त्यांतील पुष्कळ मेले. जोनास व जोशुआ यांचीं नांवें वंशावळींत आहेत. बेटावर मेलेल्यांची वंशावळ कोणीं छापली नाहीं. एकच प्रभु, एकच शास्त्र, आणि तरीही शेजाऱ्यानें शेजाऱ्यास ओळखिलें नाहीं, ही गोष्ट लपविण्यासारखी नसून लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

सोलापुरांतील वाचकांस येथें एक लहानशी गोष्ट सांगावीशी वाटते. आपल्या शहरांतील ज्या मुलींच्या शाळेस वोरोनोको हें नांव पडलें, तें नांव इंग्रजी नव्हे. मॅसॅच्युसेट्स प्रांतांत वेस्टफील्ड नदीच्या कांठच्या मुलखास तेथील मूळ लोक ज्या नांवानें ओळखत, तेंच हें नांव. त्या भूमींतील त्यांची वस्ती मोडली. परंतु त्यांच्या भाषेंतला एक शब्द सात समुद्र ओलांडून आपल्या मुलींच्या तोंडीं बसला.

आतां साहेबांच्या चरित्राकडे येऊं. सॅम्युएल बेकन फेअरबँक यांचा जन्म कनेक्टिकट प्रांतांत स्टॅमफर्ड येथें १४ डिसेंबर १८२२ रोजीं झाला. त्यांचे वडील पाळक होते. इलिनॉय कॉलेजांतून १८४२ सालीं पदवी घेतल्यावर त्यांनीं अँडोव्हर येथें धर्मशास्त्राचें अध्ययन केलें, आणि १८४६ सालीं पत्नी अ‍ॅबी यांच्यासह ते आपल्या देशीं आले. ती बाई थोड्याच वर्षांत निवर्तली. कांहीं काळ मुंबईस मिशनच्या छापखान्याचें काम पाहिल्यावर त्यांनीं १८५६ सालीं अहमदनगरच्या रे. हेन्री बॅलंटाइन यांची कन्या मेरी हिच्याशीं विवाह केला. पुढल्याच वर्षीं दोघें नेवासें तालुक्यांतील वडाळा येथें राहावयास गेलीं, आणि आयुष्याचा मोठा भाग त्यांनीं तेथेंच घालविला.

वडाळ्याच्या आसपासच्या खेड्यांत ते घोड्यावरून व पायीं फिरत. शेतकऱ्यांस लोखंडी नांगर वापरून पाहा, असा त्यांचा आग्रह असे. फिरतां फिरतां त्यांची दृष्टि रानांतील पक्षी, वनस्पति व ओढ्यांतील गोगलगाई यांवरही असे. दख्खन व सह्याद्रि येथील पक्ष्यांची त्यांची यादी १८७६ सालीं एका पक्षिशास्त्राच्या नियतकालिकांत छापली गेली. दक्षिणेंतील पळणी डोंगरांतील एका पक्ष्यास व एका जातीच्या गोगलगाईंस शास्त्रज्ञांनीं त्यांचेंच नांव दिलें आहे. उतारवयांत त्यांनीं अहमदनगरच्या धर्मशिक्षणशाळेंत शिकविलें, व ३१ मे १८९८ रोजीं ते निजधामास गेले. त्यांच्या कुळाची वंशावळ छापून झाल्यास तेव्हां एक वर्षच झालें होतें.

त्यांचा स्वतःचा वंशविस्तार मात्र बहुतेक याच भूमींत झाला. हेन्री व एडवर्ड या पुत्रांनीं बापाचेंच काम पुढें चालविलें, व एडवर्ड वडाळ्यासच राहिले. एक कन्या एमिली सिलोनांत जाफना येथें मिशनऱ्याची पत्नी होऊन गेली. दुसरी कन्या केटी हिचा विवाह १८८७ सालीं मुंबईस जन्मलेले रे. रॉबर्ट ह्यूम यांच्याशीं झाला. धाकटी रोज डॉक्टर झाली, व पति डॉ. बील्स यांच्यासह तिनें वाईच्या दवाखान्यांत रोग्यांची सेवा केली. मेरीबाईंची बहीण एलिझाबेथ ही सोलापूरचे रे. चार्ल्स हार्डिंग यांची पत्नी. त्यांची कन्या मिस मेरी हार्डिंग यांनीं सोलापुरांत लहान मुलांसाठीं बालोद्यान चालविलें. म्हणजे वडाळ्याचें घर व सोलापूरचें घर हीं दोन बहिणींचीं घरें होतीं. नवऱ्यांच्या आडनांवांवरून शोध करणारास हें नातें कधींही सांपडलें नसतें. बापाच्या बाजूनेंच वंशावळ लिहिण्याची रीत असल्यामुळें आईचें घर पुसलें जातें.  मत्तयाच्या शुभवर्तमानांतील वंशावळींत तामार, राहाब व रूथ यांचीं नांवें मुद्दाम आलेलीं आहेत, हें वाचकांस ठाऊकच आहे.

प्रिय वाचकहो, आपणांपैकीं बहुतेकांच्या घरीं वंशावळ नाहीं. आपल्याकडे पाटील-कुळकर्ण्यांच्या वंशावळी वतनाच्या भांडणांसाठीं लिहिल्या जात. भाट व हेळवी यांच्या वह्यांत ज्यांचीं नांवें असत, ते त्यांस दाणापाणी देत. गांवाबाहेर राहणाऱ्याचा आजा कोण, हें विचारण्याची कोणास गरज वाटली नाहीं. अशा घराण्याचा पहिला लेख पुष्कळ वेळां मंडळीच्या बाप्तिस्म्याच्या पुस्तकांतच सांपडतो. तें पान वाळवीनें खाल्लें, तर त्या घराचा मूळ पुरुष दुसऱ्यानें मेला असें होईल.

म्हणून उपदेशक व पाळक बंधूंनीं तें पुस्तक कोरड्या पेटींत ठेवावें. मुलाचें नांव लिहितांना बापाबरोबर आईचें नांव, तिचें माहेर व गांव हींही स्वच्छ अक्षरानें लिहावीं. घरांत वृद्ध माणसें असतील, तर त्यांस या रविवारीं विचारून घ्यावें. पुढच्या वर्षीं विचारावयास तीं असतीलच असें नाहीं. कुळ मोठें आहे म्हणून कोणी मोठा होत नाहीं, हें जोनाथनच्या गांवच्या हकीकतींतच दिसून आलें. पण कोणाचेंही नांव हरवलें जाऊं नये. फेअरबँक साहेबांनीं रानांतल्या गोगलगाईचीही नोंद ठेविली. आपण आपल्या आजीची तरी ठेवूं या.