हाडवैद्याचा मुलगा : डॉ. ह्यू ओवेन थॉमस



आपल्या गावाकडे कोणाचा हात वा पाय मोडला की पुष्कळांना प्रथम हाडवैद्याची आठवण होते. बोटांनी चाचपून तो निखळलेला सांधा बसवितो, बांबूच्या कामट्या बांधतो. हा हुनर बापाकडून मुलाकडे चालत येतो. असेच हाडवैद्यांचे एक घराणे ब्रिटनमध्ये वेल्सच्या अँगलसी बेटावर होते. त्या घराण्यातील एका मुलाची ही जीवनकथा आपण अवश्य वाचावी, कारण वडिलोपार्जित हुनराला विद्येची जोड मिळाली म्हणजे काय घडते, हे तिच्यात दिसते.

ह्यू ओवेन थॉमस यांचा जन्म १८३४ साली अँगलसी येथे झाला. त्यांचे वडील इव्हान थॉमस हे लिव्हरपूल बंदरात हाडे बसविण्याचे काम करीत. गोदीतील मजुरांची त्यांच्याकडे रीघ लागे; परंतु त्यांच्यापाशी पदवी नव्हती. त्यामुळे तेथील डॉक्टरमंडळींचा त्यांच्यावर रोष असे आणि त्यांना कोर्टाच्या पायऱ्याही चढाव्या लागल्या. दुसरा एखादा असता तर शिकलेल्यांचा राग धरून बसला असता. इव्हान यांनी तसे केले नाही. आपल्याला जे मिळाले नाही ते मुलांना मिळावे म्हणून त्यांनी पाचही मुलांना वैद्यकीय शिक्षण दिले. पालकहो, या अल्पशिक्षित बापाचा हा निर्णय नीट ध्यानात घ्या. पुढची सारी हकिगत त्यातूनच निघाली आहे.

ह्यू यांची प्रकृती लहानपणापासून नाजूक होती. त्यांनी एडिंबरो व लंडन येथे शिक्षण घेतले आणि १८५७ साली ते शल्यचिकित्सक झाले. काही काळ वडिलांबरोबर काम केल्यावर दोघांचे पटेना, तेव्हा त्यांनी लिव्हरपूलमध्येच स्वतंत्र दवाखाना थाटला. पुढे गोदीजवळच्या नेल्सन स्ट्रीटवरील त्यांचे घर गोरगरिबांचे आशास्थान बनले. रविवारी ते रुग्णांना मोफत तपासत. घरातच लोहार व चामड्याचे काम करणारा कारागीर ठेवून, प्रत्येक रुग्णाच्या मापाचे साधन ते बनवून घेत.

त्या काळी सांध्याचा क्षय झाला किंवा हाड वाईट रीतीने मोडले तर पाय कापून टाकणे हा नेहमीचा उपाय होता. थॉमस यांचा त्याला विरोध होता. दुखावलेल्या हाडाला पूर्ण, अखंड आणि दीर्घ विश्रांती द्या, म्हणजे निसर्ग ते सांधतो, असे त्यांचे मत होते. १८७५ साली त्यांनी खुबा, गुडघा व घोटा यांच्या विकारांवर ग्रंथ लिहिला. क्ष-किरणांचा शोध १८९५ सालचा, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतरचा. थॉमस यांना आतले हाड पाहण्याची सोय नव्हती. घराण्यातून आलेला बोटांचा अंदाज आणि कॉलेजात शिकलेले शरीरशास्त्र, एवढीच त्यांची शिदोरी.

त्यांचे नाव अमर करणारे साधन म्हणजे थॉमस स्प्लिंट. त्याची रचना अगदी साधी आहे. जांघेत बसेल असे चामड्याने मढविलेले एक कडे आणि पायाच्या दोन्ही बाजूंनी जाऊन तळव्याच्या पुढे जुळणाऱ्या दोन लोखंडी सळ्या. पाय ओढून टोकाला बांधला की कडे वरून रेटा देते, हाडाचे तुकडे एकमेकांवर चढत नाहीत आणि त्यांची टोके मांस व रक्तवाहिन्या फाडीत नाहीत. मूळ गुडघ्याच्या आजारासाठी केलेले हे साधन मोडलेल्या मांडीलाही उपयोगी पडले.

एवढे असूनही हयातीत त्यांची कदर झाली नाही. कोणत्याही इस्पितळात त्यांना जागा मिळाली नाही. त्यांचा स्वभाव फटकळ होता, लिखाणात टीका बोचरी असे; त्यानेही शत्रू वाढले. जानेवारी १८९१ मध्ये वयाच्या ५६ व्या वर्षी ते वारले, तेव्हा लिव्हरपूलचे कष्टकरी हजारोंच्या संख्येने अंत्ययात्रेला लोटले.

त्यांना मूलबाळ नव्हते. पत्नीचा भाचा रॉबर्ट जोन्स १८७३ साली सोळाव्या वर्षी शिकण्यासाठी त्यांच्या घरी राहावयास आला होता. त्याला त्यांनी आपली सारी विद्या दिली. १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. गोळीने मांडीचे हाड मोडलेले जवान वाटेतच रक्तस्रावाने दगावत. सुरुवातीला मृत्यूचे प्रमाण शेकडा ८० पर्यंत असल्याचे सांगितले जाते. जोन्स यांनी मामांच्या स्प्लिंटचा आग्रह धरला. १९१७ साली अरासच्या लढाईत जखमीला आघाडीजवळच स्प्लिंट बांधण्याची पद्धत पाळली गेली, आणि तेथील अशा हजारभर रुग्णांत मृत्यूचे प्रमाण शेकडा १६ च्या आत राहिले. त्यात जलद शस्त्रक्रियेचा व शुश्रूषेचाही वाटा होता; पण हलविताना पाय स्थिर राहिला, हे फार मोठे कारण होते. आजही अनेक रुग्णालयांत हे साधन वापरले जाते.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी कोणाचे वडील सुतार असतील, कोणाचे लोहार, शिंपी वा मेकॅनिक. त्यांच्या हातातील कसब कमी लेखू नका. ते शिकून घ्या आणि त्यावर पुस्तकी विद्येचा कळस चढवा. आणि पालकहो, आपल्यापाशी पदवी नसली म्हणून खंत करू नका. इव्हान थॉमस यांच्यापाशीही ती नव्हती. मुलांच्या फीसाठी हात आखडता घेण्याची वेळ आली, तर त्यांची आठवण ठेवा.