लहान होण्याची साधना : लिझ्यूची संत तेरेज

फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतातील आलाँसाँ या गावी २ जानेवारी १८७३ रोजी तेरेज मार्तँ हिचा जन्म झाला. वडील लुई हे घड्याळांचे कारागीर, तर आई झेली लेस विणण्याचा व्यवसाय चालवी. नऊ अपत्यांपैकी पाच मुली जगल्या. त्यांत तेरेज सर्वांत धाकटी. १८७७ च्या ऑगस्टमध्ये आई कर्करोगाने निवर्तली व कुटुंब लिझ्यू येथे आले. मातेच्या ठिकाणी मानलेली थोरली बहीण पोलीन १८८२ मध्ये कार्मेल मठात गेली, तेव्हा त्या बालजीवाच्या वाट्यास दुसऱ्यांदा पोरकेपण आले.

तेरेज अतिशय हळवी, क्षुल्लक कारणाने रडणारी होती. १८८६ च्या नाताळच्या रात्री, जोड्यांत खाऊ व भेटी ठेवण्याचा हा प्रघात यंदा संपेल तर बरे, असे थकलेल्या वडिलांचे शब्द तिच्या कानी पडले. तिने अश्रू गिळले आणि हसतमुखाने भेटी उघडल्या. पोरकटपणा त्या रात्री सुटला. बालभाव मात्र पुढे साधावयाचा होता.

पंधराव्या वर्षी मठप्रवेश मिळावा म्हणून तिने १८८७ मध्ये रोम येथे, बोलण्यास मनाई असतानाही, पोप तेरावे लिओ यांच्यापुढे गुडघे टेकून विनंती केली. ९ एप्रिल १८८८ रोजी ती लिझ्यूच्या कार्मेलमध्ये दाखल झाली. पुढच्याच वर्षी वडिलांना मनोविकारामुळे काँ येथील रुग्णालयात ठेवावे लागले. हे दुःख तिने मूकपणे सोसले.

मठात तिच्या हातून डोळे दिपविणारे असे काहीच घडले नाही. धुण्याच्या वेळी शेजारच्या भगिनीकडून मळके पाणी तोंडावर उडे. ती मागे सरत नसे. एका वृद्ध, चिडखोर भगिनीला ती रोज संध्याकाळी हात धरून भोजनगृहात नेई. जिचा स्वभाव तिला मुळीच रुचत नसे, तिच्याशी ती इतक्या गोडीने वागे की, आपण तेरेजच्या विशेष आवडीच्या आहोत असेच त्या भगिनीस वाटे.

थोर संतांच्या तुलनेत आपण पर्वतापुढील वाळूचा कण आहोत, हे तिने ओळखले होते. त्या काळच्या फ्रेंच धर्मजीवनात ईश्वराच्या न्यायाचे भय प्रबळ होते आणि पुण्याचा हिशेब मांडला जाई. श्रीमंतांच्या घरी नव्याने आलेल्या पाळण्यावरून, म्हणजे लिफ्टवरून, तिला मार्ग सुचला. पायऱ्या चढण्याचे बळ नसलेल्या बालकाने येशूच्या बाहूंवर विसंबावे व रिक्त हस्तानेच देवापुढे जावे, हाच तिचा लहान मार्ग होय.

या मार्गाची कसोटी १८९६ च्या एप्रिलमध्ये लागली. गुड फ्रायडेच्या आदल्या रात्री तिला रक्ताची गुळणी आली. तो क्षय होता. थोड्याच दिवसांत स्वर्ग आहे की नाही, या संशयाच्या अंधाराने मन व्यापले आणि तो अंधार अखेरपर्यंत फारसा ओसरला नाही. श्रद्धाहीनांना तिने परके मानले नाही. त्यांच्याच पंक्तीस बसून त्यांची कडू भाकरी आपणही खात आहोत, असे ती मानू लागली. पित्याचा हात जाणवत असताना बालक होणे सोपे असते; तो जाणवेनासा झाल्यावरही तिने विश्वास सोडला नाही. ३० सप्टेंबर १८९७ रोजी, वयाच्या चोविसाव्या वर्षी, तिने देह ठेवला.

मठाध्यक्षांच्या आज्ञेवरून तिने लिहिलेल्या आठवणी १८९८ मध्ये ‘एका आत्म्याची कथा’ या अर्थाच्या नावाने प्रसिद्ध झाल्या. पोलीनने त्यांवर बराच हात फिरविला होता. मूळ हस्तलिखिते १९५६ मध्ये प्रकाशात आली, तेव्हा गुलाबपुष्पांत मढविलेल्या चित्रामागची कणखर स्त्री वाचकांस दिसली. १९२५ मध्ये तिला संतपद मिळाले. १९२७ मध्ये, ज्यांचे शव जुन्या गोव्यात आहे त्या संत फ्रान्सिस झेवियर यांच्या जोडीने ती धर्मप्रसारकार्याची आश्रयदात्री ठरली. एकाने समुद्र ओलांडले, दुसरीने मठाचा उंबरठाही ओलांडला नाही. कलकत्त्याच्या मदर तेरेसा यांनी नाव घेतले ते हिचेच. १९९७ मध्ये, मृत्यूच्या शताब्दीस, चर्चने तिला धर्माचार्यांच्या मालिकेत स्थान दिले. जिने आयुष्यभर लहान होण्याचाच ध्यास घेतला, तिला विद्वानांच्या पंक्तीत बसविले गेले.