अंगणवाडीच्या ताराबाई

लहान मूल बोलू लागले की घरात केवढा आनंद होतो! त्याच्या बोबड्या बोलांचे सर्वांना कौतुक वाटते. परंतु तेच मूल तीन-चार वर्षांचे होऊन एकामागून एक प्रश्न विचारू लागले म्हणजे मोठ्यांना कंटाळा येतो. जुन्या काळी गप्प बसणारे मूल हेच शहाणे समजले जाई. वडीलधाऱ्यांसमोर ते काही बोलले, तर लहान तोंडी मोठा घास घेतला म्हणून त्याला दटावले जाई. शिक्षण म्हणजे पाटीवर अक्षरे गिरवणे; घरातल्या बोलण्याचा त्याच्याशी काय संबंध, असे बहुतेकांना वाटे. हा समज दूर करण्यासाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्यांत ताराबाई मोडक यांचे नाव अग्रभागी आहे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. त्यांचे वडील सदाशिवराव केळकर आणि आई उमाबाई हे प्रार्थना समाजाच्या सुधारणावादी विचारांचे होते. मुलींना फारसे शिकवण्याची चाल नव्हती, अशा त्या काळात ताराबाईंनी १९१४ साली मुंबई विद्यापीठाची पदवी मिळवली. विवाहानंतर त्या काही काळ अमरावतीस राहिल्या. पुढे राजकोट येथे शिक्षिका तयार करणाऱ्या बार्टन महाविद्यालयाच्या प्राचार्यपदी त्यांची नेमणूक झाली. पद मानाचे होते आणि आयुष्य स्थिरस्थावर होण्याची चिन्हे दिसत होती.

त्याच सुमारास भावनगर येथे एक नवा प्रयोग चालला होता. गिजुभाई बधेका यांनी वकिली सोडून दक्षिणामूर्ती संस्थेत १९२० साली बालमंदिर सुरू केले होते. इटलीतील डॉक्टर मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोम शहरातील गरीब वस्तीत बालगृह उघडून बालशिक्षणाची नवी वाट दाखवली होती. गिजुभाईंनी तिच्यातील तत्त्वे घेऊन त्यांना आपल्या देशातील गोष्टी, गाणी व खेळ यांची जोड दिली. या कार्याने ताराबाईंचे मन ओढून घेतले. प्राचार्यपद सोडून १९२३ साली त्या भावनगरला गेल्या आणि लहान मुलांमध्ये जमिनीवर बसून काम करू लागल्या.

बालमंदिरात मुलांना धाक नव्हता. तेथे गोष्टी रंगत, गाणी होत, नाटुकली बसवली जात. मूल एखादी वस्तू हाताळी, तेव्हाच तिचे नाव त्याच्या कानावर पडे. खरखरीत आणि मऊ हे शब्द त्याला बोटांच्या स्पर्शानेच कळत. गोष्टीत पुनःपुन्हा येणारे बोल मूल प्रथम ऐके, मग सर्वांबरोबर म्हणे आणि एके दिवशी तीच गोष्ट आपल्या शब्दांत सांगू लागे. भाषा अशी कानांतून मनात आणि मनातून ओठांवर येते. घोकंपट्टीने येत नाही.

मात्र मूल बालमंदिरात दोन-चार तासच असते. बाकीचा वेळ ते घरी असते. म्हणून पालकांचे शिक्षण हेही बालशिक्षणाचेच अंग आहे, हे ताराबाईंनी ओळखले. १९२६ साली त्यांनी गिजुभाईंच्या सहकार्याने नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. ‘शिक्षणपत्रिका’ या मासिकातून बालमनाचा विचार शिक्षकांप्रमाणेच पालकांपर्यंतही पोहोचला. या विचारामागील तत्त्व साधे होते. भाजी निवडताना आईने भाज्यांची नावे, रंग आणि चव यांविषयी मुलाशी बोलावे, निजताना आजीने गोष्ट सांगावी, मुलाच्या प्रश्नाला धीराने उत्तर द्यावे आणि बोबड्या शब्दाला हसू नये. याला पैसा लागत नाही. वेळ आणि माया मात्र लागते.

१९३६ साली ताराबाईंनी मुंबईत दादर येथे शिशुविहार सुरू केले. तेथे मुलांना मातृभाषेतून शिक्षण मिळू लागले आणि बालशिक्षिकाही तयार होऊ लागल्या. संस्थेचा लौकिक वाढला. तरीही ताराबाईंच्या मनाला एक प्रश्न सतावत होता. शहरातील सुस्थितीतील मुलांना बालमंदिर मिळाले. पण खेड्यापाड्यांतील गरिबांच्या मुलांचे काय? महागडी साधने त्यांनी कोठून आणावीत?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाई आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी गेल्या. अनुताई वाघ या त्यांच्या सहकारी झाल्या. काम सोपे नव्हते. आईबाप मजुरीस जात. थोरल्या मुलीच्या कडेवर धाकटे भावंड असे, तर मुलगे गुरे राखीत. शाळेची घंटा वाजली, तरी ही मुले येणार कशी?

मुले शाळेत येऊ शकत नसतील, तर शाळेने मुलांकडे जावे, असे ताराबाईंनी ठरवले. वस्तीतल्या अंगणातच बालवाडी भरू लागली. हीच अंगणवाडी होय. शंख, शिंपले, बिया, पाने आणि खडे ही तिची साधने झाली. परक्या जागी बुजणारे मूल आपल्या अंगणात मोकळेपणाने बोलते. शिवाय बालवाडीतली गाणी दारात उभ्या असलेल्या आईच्याही कानी पडतात आणि घरात जाऊन पोहोचतात. गुराखी मुलांसाठी तर कुरणातच शाळा भरू लागली. तिला कुरणशाळा म्हणत.

१९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र असलेली विकासवाडी उभी राहिली. धाकट्याला पाळणाघरात ठेवून थोरलीला शिकता येऊ लागले. त्या भागातील वारली मुलांची घरची बोली पुस्तकी मराठीहून वेगळी होती. अशा बोलीला कमी लेखले, तर मुलाचे तोंड कायमचे मिटते. तिचा मान राखला, तर त्याच बोलीच्या आधाराने ते दुसरी भाषाही शिकते.

भारत सरकारने १९६२ साली ताराबाईंना ‘पद्मभूषण’ हा किताब देऊन गौरवले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. अनुताईंनी त्यांचे कार्य पुढे नेले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. बोर्डीच्या एका अंगणातला शब्द अशा रीतीने भारतातील गावोगावी पोहोचला.

ताराबाईंनी मोठमोठ्या इमारती बांधल्या नाहीत. लहान मुलाचे बोलणे मन लावून ऐकावे, एवढेच त्यांनी समाजाला शिकवले. घरातले धाकटे भावंड एखादी अर्धीमुर्धी गोष्ट सांगत असता जो ती शेवटपर्यंत ऐकून घेतो, तो ताराबाईंचेच कार्य पुढे चालवीत असतो.