सुकुमार सेन आणि अठ्ठावीस लाख नावे

स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीचा विषय निघाला की पंडित नेहरूंच्या प्रचंड सभा, बैलजोडीचे चित्र आणि मतदान केंद्रांपुढच्या लांबलचक रांगा आठवतात. परंतु ही सारी निवडणूक ज्या गृहस्थांनी उभी केली, त्या सुकुमार सेन यांचे नाव स्त्रियांच्या मंडळांतून क्वचितच ऐकू येते. वास्तविक ह्या देशातल्या प्रत्येक स्त्रीने आपले स्वतःचे नाव सांगावे, असा आग्रह सरकारदरबारी त्यांच्याइतका फार थोड्यांनी धरला असेल. म्हणून मंडळाच्या वाढदिवसाच्या ह्या स्मरणिकेत त्यांची थोडी ओळख करून देत आहे.

सुकुमार सेन यांचा जन्म बंगालमध्ये, एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस झाला. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात आणि पुढे लंडन विद्यापीठात त्यांचे शिक्षण झाले. गणित हा त्यांचा आवडता विषय. त्यात त्यांनी सुवर्णपदक मिळविले. नंतर ते आय.सी.एस. झाले, निरनिराळ्या जिल्ह्यांत अधिकारी व न्यायाधीश म्हणून फिरले, आणि शेवटी पश्चिम बंगालचे मुख्य सचिव झाले. पुढे केंद्रात कायदेमंत्री झालेले अशोककुमार सेन हे त्यांचे बंधू. इथवर पाहिले तर हे एका हुशार व कर्तबगार अधिकाऱ्याचे चरित्र आहे. असे अधिकारी त्या काळी आणखीही होते.

१९५० च्या मार्च महिन्यात ते भारताचे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त झाले आणि त्यांच्या आयुष्यातील खरे काम सुरू झाले. १९५१ च्या वसंत ऋतूतच निवडणूक व्हावी अशी पंडितजींची उत्कंठा होती. सेन यांनी त्यांना धीर धरावयास सांगितले. एकवीस वर्षांवरील प्रत्येक स्त्रीपुरुषाला मत द्यायचे घटनेने ठरविले होते. असे मतदार सतरा कोटींहून अधिक, आणि त्यांतील शंभरांपैकी सुमारे पंच्याऐंशींना लिहिता-वाचता येत नव्हते. लोकसभेच्या ४८९ आणि विधानसभांच्या तीन हजारांहून अधिक जागा भरायच्या होत्या. केंद्रे सुमारे सव्वादोन लाख, लोखंडी पेट्या सुमारे वीस लाख. नुसत्या मतदारयाद्या टंकलिखित करण्यासाठी साडेसोळा हजार कारकून सहा महिन्यांच्या कराराने नेमावे लागले. मतपेट्यांपैकी लाखो पेट्या आपल्या मुंबईत, विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात तयार झाल्या. गणिती माणसाच्या हाती हे काम पडले हे देशाचे भाग्यच म्हणायचे.

तथापि जे गणिताने सुटत नव्हते असे एक कोडे मतदारयाद्यांतून पुढे आले. घरोघर नावे टिपणारे कारकून उत्तर भारतातल्या खेड्यांत गेले, तेव्हा असंख्य स्त्रियांनी त्यांना आपले नाव सांगितलेच नाही. परक्या पुरुषापुढे नाव उच्चारायचे नाही ही तिथली रीत. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढेच उत्तर मिळे. आणि कारकूनही तेच यादीत उतरवून पुढच्या दारी जात. बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, राजस्थान आणि विंध्य प्रदेश ह्या भागांत हा प्रकार फार झाला.

आपल्याला ह्याचे हसू येण्याचे कारण नाही. आपल्या आज्या-पणज्या नवऱ्याचे नाव घेत नसत. ते हळदीकुंकवाला उखाण्यात घालून, लाजत-मुरडत घ्यायचे. सासरी गेल्यावर माहेरचे नाव बदलायचे, आणि पुढे जन्मभर कोणाची तरी सून, वहिनी किंवा आई म्हणूनच ओळखले जायचे, हे तर आपल्याकडे अगदी परवापर्यंत घरोघर होते.

ह्यात आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. स्वातंत्र्यापूर्वी स्त्रियांना मत मुळीच नव्हते असे नाही. मुंबई इलाख्यात रमाबाई रानडे व त्यांच्या सहकारी भगिनींच्या खटपटीने १९२१ साली स्त्रियांना कौन्सिलच्या निवडणुकीत मत देण्याची वाट मोकळी झाली. पण जिच्या नावे मालमत्ता, तिलाच ते मत. १९३५ च्या कायद्याने ते थोडे वाढले, आणि नवरा मालमत्तेच्या अटीत बसतो म्हणून त्याच्या पत्नीला किंवा विधवेला मत मिळू लागले. म्हणजे पुष्कळ बायकांना मत मिळाले ते नवऱ्याच्या घरावरून आणि जमिनीवरून. १९५० च्या घटनेने हे सगळे पुसून टाकले. आता मत मिळणार होते ते ती स्वतः एक माणूस आहे म्हणून. अशा वेळी यादीत पुन्हा अमक्याची बायको असेच लिहिले, तर मग बदलले ते काय?

सेन यांनी ह्या नोंदी मान्य केल्या नाहीत. स्त्रीने आपले नाव सांगावे, ते लिहून घ्यावे. जिथे नाव नसेल तिथली नोंद यादीतून काढावी, असा त्यांचा निर्णय होता. बिहारात नावे देण्यासाठी खास एक महिन्याची मुदत वाढवून दिली, आणि तिचा तिथे चांगला उपयोग झाला. राजस्थानात मात्र फारसा प्रतिसाद आला नाही. अखेर देशातल्या सुमारे आठ कोटी प्रौढ स्त्रियांपैकी जवळजवळ अठ्ठावीस लाख स्त्रियांची नावे यादीतून गेली.

ह्या निर्णयावर टीका झाली आणि ती साहजिकच होती. नाव न सांगणे हा त्या बायांचा अपराध नव्हता. त्यांना कोणी समजावून सांगितले नव्हते. दाराशी आलेला कारकून पुरुष, घरातले वडीलधारे समोर उभे, आणि आयुष्यभराची सवय जिभेवर बसलेली. अशा बाईचे मत तिच्या पहिल्याच निवडणुकीत हिरावून घेणे मला तरी कठोर वाटते. बायका कारकून पाठविल्या असत्या तर कितीतरी नावे मिळाली असती. पण सेन यांचा विचार वेगळा होता. ह्या प्रकाराचा जो गवगवा होईल तो इष्टच आहे, पुढच्या निवडणुकीपर्यंत त्यानेच ही रूढी ढिली पडेल, असे त्यांनी मानले. दुसरीही एक अडचण होती. नुसत्या तमक्याच्या आईच्या नावावर कोणीही बाई येऊन मत देऊन गेली, तर ती तीच हे केंद्रावरच्या अधिकाऱ्याने ओळखायचे कसे? यादीतली अशी ओळ म्हणजे तोतया मतदाराला उघडे दार.

नाव आल्यावरही काम संपत नव्हते. ज्यांनी कधी मत दिले नाही, ज्यांना राजकारण म्हणजे मोठ्या लोकांचे काम वाटते, त्यांना केंद्रापर्यंत आणायचे कसे, ह्याचा विचार सेन यांनी फार बारकाईने केला. अक्षर न येणाऱ्यासाठी प्रत्येक पक्षाला ओळखीच्या वस्तूंपैकी एक चिन्ह दिले: बैलजोडी, झोपडी, हत्ती, पणती. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी ठेवली आणि तिच्यावर ते चिन्ह चिकटविले. मतदाराने काही लिहायचे नाही, खूण करायची नाही. हवी त्या पेटीत कागद टाकला की झाले. दुबार मत देऊ नये म्हणून बोटाला न पुसणारी शाई. मत म्हणजे काय, ते कसे द्यायचे, गुप्त म्हणजे किती गुप्त, हे सांगणारा बोलपट तीन हजारांहून अधिक चित्रपटगृहांत दाखविला. आकाशवाणीवर भाषणे झाली. ज्या बायका पुरुषांच्या रांगेत उभ्या राहिल्या नसत्या, त्यांच्यासाठी सुमारे साडेसत्तावीस हजार मतदान-कक्ष वेगळे ठेवले. मला ही शेवटची गोष्ट सर्वांत मोठी वाटते. नुसता हक्क देऊन भागत नाही. बाईला तिथवर जाता आले पाहिजे, हे ह्या अधिकाऱ्याने ओळखले होते.

बर्फ पडण्यापूर्वी उरकावे म्हणून हिमाचल प्रदेशातल्या चिनी भागात २५ ऑक्टोबर १९५१ रोजी पहिले मत पडले, आणि फेब्रुवारी १९५२ पर्यंत देशभर मतदान चालले. मतमोजणीच्या वेळी काही पेट्यांतून सरकारला लिहिलेले अर्ज, गाऱ्हाणी आणि नाणीसुद्धा निघाली. ह्या भोळेपणाला हसणारे त्या वेळी पुष्कळ होते. पण मुंबई शहरात काय दिसले पाहा. कामगारांच्या वस्त्यांतून थंडीच्या दिवसांत, केंद्रे उघडण्याच्या कितीतरी आधी रांगा लागल्या होत्या. आणि मलबार हिलच्या बाजूला सुशिक्षित मंडळी टेनिस किंवा पत्ते खेळायला निघावे तशी सावकाश, जाता जाता मत देऊन जात होती. महाराष्ट्रातील एका खेड्यात तर नव्वदी ओलांडलेल्या एका वृद्धाने विधानसभेचे मत टाकले, आणि लोकसभेचे टाकण्यापूर्वीच तो कोसळून गतप्राण झाला. राजकारणातले आपल्याला काही कळत नाही, असे म्हणून घरी बसणाऱ्यांत शिकलेल्यांचाच भरणा अधिक, ही तक्रार काही आजची नव्हे.

सगळे मिळून पाहता निम्म्याहून थोड्या कमीच मतदारांनी मत दिले. सेन यांच्यापुढे पुढील पाच वर्षांचे काम उभे राहिले. १९५७ च्या निवडणुकीपर्यंत स्त्रियांची नावे मिळविण्याचा नेटाने प्रयत्न झाला, आणि त्या वेळी प्रौढ स्त्रियांपैकी शेकडा ९४ जणींची नावे यादीत आली. सेन यांचा अंदाज खरा ठरला, हे मान्य केले पाहिजे. जुन्या पेट्या त्यांनी नीट जपून ठेवल्या होत्या. डबे घासून-पुसून माळ्यावर ठेवणाऱ्या गृहिणीला हे सांगायला नको. मतदार वाढून एकोणीस कोटींवर गेले, तरी ही निवडणूक पहिलीपेक्षा सुमारे साडेचार कोटी रुपयांनी स्वस्तात पार पडली. आपल्याकडे ती संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या ऐन भरात आली, आणि मताने काय होते हे महाराष्ट्रातल्या घराघराने पाहिले.

तेव्हापासून स्त्रियांच्या मतदानाचे प्रमाण वाढत गेले. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत ते पुरुषांच्या किंचित पुढे गेले, आणि २०२४ सालीही पुढेच राहिले. पण नावाची अडचण संपली असे समजू नये. लग्नानंतर नाव माहेरच्या यादीत राहून जाते, सासरच्या यादीत चढत नाही, आणि मतदानाच्या दिवशी केंद्रावर जाऊन परत यावे लागते. ह्याची उदाहरणे प्रत्येक आळीत आहेत. पत्ता किंवा नाव बदलावयाचे असेल तर आठ नंबरचा फॉर्म आणि पहिल्यांदाच नाव घालायचे असेल तर सहा नंबरचा, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. आपल्या मंडळाच्या भगिनी भिशीचा हिशेब पैपर्यंत ठेवतात. वर्षातून एकदा यादी पाहून येणे त्यांना जड नाही. आणि उमेदवार कोण, त्याने मागे काय केले, हे वर्तमानपत्रातून स्वतः वाचून ठरवावे. घरातल्या कर्त्या पुरुषाने सांगितले म्हणून नव्हे. पेटी वेगळी ठेवून, पडदा लावून सेन यांनी जी गुप्तता सांभाळली, ती ह्याचसाठी होती.

दरम्यान १९५३ साली सुदान देशातील पहिल्या निवडणुकीसाठी आंतरराष्ट्रीय आयोग नेमला गेला, तेव्हा त्याचे अध्यक्षपद सेन यांना देण्यात आले. १९५४ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. १९५८ च्या अखेरीस ते मुख्य निवडणूक आयुक्तपदावरून निवृत्त झाले. १९६० साली नव्याने स्थापन झालेल्या बरद्वान विद्यापीठाचे ते पहिले कुलगुरू झाले. पुढे थोड्याच वर्षांत त्यांचे निधन झाले.

त्यांनी आत्मचरित्र लिहिले नाही. एवढे मोठे काम केलेल्या माणसाने आपल्याविषयी चार पाने लिहू नयेत ह्याचे नवल वाटते. त्यांच्या कामाची माहिती हवी असेल तर पहिल्या निवडणुकीचा, १९५५ साली आयोगाने प्रसिद्ध केलेला अहवालच पाहावा लागतो. तो आकड्यांनी भरलेला आणि बराचसा रुक्ष आहे. पण नाव न सांगणाऱ्या स्त्रियांविषयीचा मजकूर त्यात आहे, आणि एवढा भाग तरी आपल्या वाचनवर्गात एकदा वाचून घ्यावा असा आहे.