गोळेश्वरच्या खाशाबांनी पदक आणलं, मग पदकासाठी काढलेलं कर्जही फेडलं

कराडला अगदी लागून असलेल्या गोळेश्वरात १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबा जाधव जन्मले. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच भावांत खाशाबा धाकटे, अंगानं लहानखुरे, पण चपळ. शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये आणि पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात झालं. कोल्हापूर म्हणजे तालमींचं गाव, तिथं त्यांची कुस्ती आणखी घोटून निघाली.

१९४८ साली लंडन ऑलिंपिकला ते गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीनं. पण लाल मातीत वाढलेल्या या पैलवानाला तिथं गादीवर उतरायचं होतं. मातीत एकदा पाठ लावली की विषय संपला. गादीवर मात्र घड्याळ असतं, पंचांचा निर्णय असतो, पायाखालची पकडही वेगळी असते. तरीही फ्लायवेट गटात ते सहावे आले. गादीचा सराव जवळपास नसताना सहावा नंबर, ही साधी गोष्ट नव्हती.

पुढची चार वर्षं त्यांनी कसून मेहनत केली. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकच्या निवडीत आपल्याला डावललं गेलं असं त्यांना वाटलं, म्हणून त्यांनी थेट पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हा कुस्ती लावली गेली. खाशाबांनी निरंजन दासला चीत केलं आणि जागा मिळवली.

आता प्रश्न पैशाचा होता. हेलसिंकीपर्यंतचा खर्च शेतकऱ्याच्या पोराला झेपणारा नव्हता. गावानं वर्गणी काढली, ज्याला जमेल तसं त्यानं दिलं. तरी रक्कम पुरेना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. त्या काळात सात हजार म्हणजे केवढी रक्कम, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून बघा. विद्यार्थ्यासाठी राहतं घर गहाण टाकणारा प्राचार्य आज शोधून सापडेल का?

हेलसिंकीत बँटमवेट गटात खाशाबांनी कॅनडा आणि मेक्सिकोच्या पैलवानांना हरवलं. जपानच्या शोहाची इशीशी लढत लांबली आणि ती हातची गेली. अंगातला दम ओसरलेला असतानाच सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोवशी लढायला त्यांना लगेच उभं केलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांतीचा नियम होता, पण तो सांगून भांडायला भारताचा एकही अधिकारी जवळ नव्हता. ती कुस्तीही गेली. इशीला सुवर्ण, मम्मदबेयोवला रौप्य आणि खाशाबांना कांस्य मिळालं. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं यायला १९९६ साल उजाडलं, म्हणजे तब्बल ४४ वर्षं गेली.

परतल्यावर कराड स्टेशनापासून शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ढोल-ताशे, फटाके, सगळा मुलूख लोटला होता. सत्कार आटोपले तरी खर्डेकर सरांचं घर गहाणच होतं. खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवले, स्वतः लढले आणि त्या पैशातून सरांचं घर सोडवून दिलं. पदकाइतकीच ही गोष्टही मोठी आहे, पण ती कमी सांगितली जाते.

१९५५ मध्ये ते पोलीस खात्यात फौजदार म्हणून लागले आणि सहायक आयुक्त होऊन निवृत्त झाले. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेच्या मशाल दौडीत त्यांना मान मिळाला. पण निवृत्तीनंतर हक्काच्या पेन्शनसाठी त्यांना झगडावं लागलं. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ता अपघातात त्यांचं निधन झालं.

अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दिल्लीत ज्या स्टेडियममध्ये कुस्त्या झाल्या, त्याला खाशाबांचं नाव दिलेलं आहे.