हबशाचा न्यायी राजा : हजरत नजाशी (रह.)

हबशाच्या हिजरतीचा प्रसंग आपण सीरतच्या बयानांतून अनेकदा ऐकला असेल. ऐकताना आपले लक्ष दरबारात निर्भयपणे बोलणाऱ्या हजरत जाफर बिन अबी तालिब (रजि.) यांच्यावर खिळते आणि ते योग्यच आहे. आज मात्र सिंहासनावर बसून ते बोलणे ऐकणाऱ्या राजाकडे पाहू या. परमुलुखातून आलेल्या निराधारांशी सत्ताधाऱ्याने कसे वागावे, याचा वस्तुपाठ त्याने घालून दिला, आणि तोही स्वतः इस्लाम स्वीकारण्यापूर्वी.

नजाशी ही हबशाच्या राजांची पदवी होती. या राजाचे नाव असहमा. तांबड्या समुद्रापलीकडचे हे ख्रिस्ती राज्य आजच्या इथिओपिया आणि एरिट्रिया या देशांच्या भूमीवर पसरलेले होते. अनेक शतकांनंतर दख्खनच्या इतिहासात गाजलेला मलिक अंबर याच मुलुखातून आला.

असहमाच्या पूर्वायुष्याची हकीकत सीरतकार इब्ने इसहाक यांनी हजरत आयशा (रजि.) यांच्या रिवायतीने नोंदवली आहे. त्याचे वडील राजे होते. सरदारांनी त्यांची हत्या करून चुलत्याला गादीवर बसवले. पुढे हा बुद्धिमान मुलगा मोठा होऊन सूड घेईल, या भीतीने त्यांनी त्याला 600 दिरहमांना एका व्यापाऱ्याच्या हवाली केले. त्याच दिवशी संध्याकाळी चुलत्यावर वीज कोसळली. त्याच्या मुलांपैकी एकही राज्य करण्याच्या योग्यतेचा नव्हता, म्हणून सरदारांनी धावाधाव करून असहमाला परत आणले आणि त्याच्या मस्तकावर मुकुट ठेवला. व्यापारी आपले पैसे मागू लागला, तेव्हा सरदारांनी हात वर केले. तो थेट नव्या राजापुढे गेला. राजाने निकाल दिला की, एकतर पैसे परत करावेत, नाहीतर विकलेला गुलाम व्यापाऱ्याच्या हाती द्यावा. तो गुलाम म्हणजे राजा स्वतः! न्याय आपल्याच विरुद्ध जात असला तरी तो करणारा हा माणूस होता.

त्याच्या न्यायाची कीर्ती मक्केपर्यंत पोहोचली होती. नबुव्वतीच्या पाचव्या वर्षी, इ.स. 615 मध्ये, कुरैशांचा छळ असह्य झाला, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आपल्या साथीदारांना हबशाला जाण्याची अनुमती दिली. पहिल्या छोट्या काफिल्यात हजरत उस्मान (रजि.) आणि त्यांच्या पत्नी, प्रेषितकन्या हजरत रुकय्या (रजि.) होत्या. पुढच्या हिजरतीत ऐंशीहून अधिक पुरुष आणि त्यांच्यासोबत स्त्रिया व मुले हबशाला पोहोचली.

आश्रय देणे सोपे असते. परीक्षा होते ती आश्रिताला परत मागणारा दारात येतो तेव्हा. कुरैशांनी अम्र बिन आस आणि अब्दुल्लाह बिन अबी रबीआ यांना उत्तम कातडी वस्तूंचे नजराणे देऊन पाठवले. दूतांनी आधी एकेका सरदाराला नजराणा दिला आणि त्याच्याकडून एक गोष्ट कबूल करून घेतली : राजाने या लोकांशी बोलू नये, तसेच त्यांना आमच्या ताब्यात द्यावे. दरबारात सरदारांनी तसाच सल्ला दिला. राजा संतापला. ज्यांनी इतर सर्व राजांना सोडून आपला शेजार पसंत केला, त्यांचे म्हणणे ऐकल्याशिवाय त्यांना कोणाच्याही स्वाधीन करणार नाही, असे त्याने बजावले.

मुसलमानांना बोलावणे गेले. हजरत जाफर (रजि.) यांनी पूर्वीचे अज्ञानयुगीन जीवन, प्रेषितांची शिकवण आणि त्यापायी झालेला छळ सांगितला, मग सूरह मरियमचा आरंभीचा भाग ऐकवला. राजाची दाढी अश्रूंनी भिजली. दुसऱ्या दिवशी दूतांनी नवा डाव टाकला : हे लोक हजरत ईसा (अलै.) यांच्याविषयी भयंकर काही बोलतात! ख्रिस्ती राजापुढे हा आरोप जिवावर बेतणारा होता. तरीही मुहाजिरांनी सत्य लपवले नाही, ईसा (अलै.) हे अल्लाहचे बंदे आणि प्रेषित आहेत, हेच त्यांनी सांगितले. राजाने जमिनीवरची एक काडी उचलली आणि या कथनात त्या काडीएवढाही फरक नसल्याचे मान्य केले. धर्मगुरूंच्या नाराजीची त्याने पर्वा केली नाही. मुहाजिर आपल्या भूमीत सुरक्षित आहेत, त्यांना अपशब्द बोलणाऱ्याला दंड होईल, असे त्याने जाहीर केले आणि सारे नजराणे परत पाठवले.

मुहाजिरही कृतघ्न नव्हते. राजाविरुद्ध एक प्रतिस्पर्धी उभा राहिला, तेव्हा ते त्याच्या विजयासाठी दुआ मागत राहिले, तरुण हजरत जुबैर (रजि.) फुगवलेल्या मशकीच्या आधाराने नाईल पोहून लढाईची खबर आणायला गेले. दुसऱ्या एका बंडाच्या वेळी राजाने आधी मुहाजिरांसाठी नौका सज्ज ठेवल्या : आपण हरलो तर त्यांनी हवे तिथे निघून जावे, जिंकलो तर इथेच राहावे. स्वतःचे राज्य पणाला लागले असताना त्याला पाहुण्यांच्या जिवाची काळजी होती.

ही जबाबदारी त्याने अखेरपर्यंत निभावली. परदेशात एकाकी पडलेल्या हजरत उम्मे हबीबा (रजि.) यांचा प्रेषितांशी निकाह त्याने प्रेषितांच्या वतीने पार पाडला आणि मेहर स्वतःकडून दिला. हिजरी सन 7 मध्ये उरलेल्या मुहाजिरांना त्याने दोन नौकांतून सन्मानाने रवाना केले. तोवर त्याने इस्लाम स्वीकारला होता. हिजरी सन 9 मध्ये त्याचे निधन झाले, तेव्हा प्रेषितांनी मदीनेत सफा बांधून त्याची जनाजाची नमाज अदा केली. गायबाना नमाजेविषयी फिकहच्या इमामांमध्ये मतभेद आहेत. या सन्मानाच्या थोरवीविषयी नाहीत.

छळाच्या मुखात कोणालाही परत ढकलू नये, हे तत्त्व 1951 च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारात लिहिले गेले. सूरह तौबाच्या सहाव्या आयतीत तर शत्रुपक्षातील माणसानेही आश्रय मागितला, तर त्याला अल्लाहची वाणी ऐकवून सुरक्षित स्थळी पोहोचवण्याचा आदेश आहे. आज जगभरच्या छावण्यांत असंख्य मुसलमान दिवस काढत आहेत, म्हणून नजाशीसारखा राज्यकर्ता त्यांना लाभावा, असे आपल्याला वाटते. पण वाचकहो, हा धडा केवळ इतरांसाठी नाही. पूर, दुष्काळ वा दंगलीने उखडलेले एखादे कुटुंब आपल्या मोहल्ल्यात खोली शोधत येते, तेव्हा लहानसे सिंहासन आपल्याकडेच असते. त्यांच्याविषयी कोणी काही सांगितले, तर निकाल देण्याआधी आपण त्यांचे म्हणणे ऐकतो का?

अल्लाह हजरत नजाशी (रह.) यांच्यावर कृपेचा वर्षाव करो आणि आपल्या दारी आलेल्याची अमानत सांभाळण्याचे सामर्थ्य आपल्याला देवो. आमीन.