ॲडॉल्फ सॅक्स आणि नवशिक्याचें पहिलें वाद्य

वाद्य शिकूं लागलेल्या मुलाची एक अडचण वडील माणसांच्या सहसा लक्षांत येत नाहीं. सूर नीट निघाला नाहीं, म्हणजे दोष आपलाच आहे असें तें मूल समजतें. आपले ओंठ बरोबर नाहींत, आपला दम पुरत नाहीं, किंवा संगीत आपल्या नशिबींच नाहीं, असें मनाशीं ठरवून तें वाद्य पेटींत ठेवून देतें. पुष्कळ वेळां दोष मुलाचा नसून वाद्याचा असतो. परंतु तसें सांगावयास त्याच्याजवळ कोणी नसतें. ज्या पुरुषानें वाद्यांचे असे दोष शोधून ते नाहींसे करण्यांत आपलें सर्व आयुष्य घालविलें, त्याचें चरित्र म्हणूनच पहिलें वाद्य निवडणाऱ्या विद्यार्थ्यानें व त्याच्या आईबापांनीं वाचण्यासारखें आहे. त्या पुरुषाचें नांव ॲडॉल्फ सॅक्स. लग्नाच्या वरातींत बँडमध्यें जें वांकड्या मानेचें, चकचकीत, रुंद तोंडाचें पितळी वाद्य आपण पाहतों, त्या सॅक्सोफोनचा हा जनक होय.

ॲडॉल्फचा जन्म ६ नोव्हेंबर १८१४ रोजीं म्यूज नदीच्या काठीं वसलेल्या दिनां नांवाच्या गांवीं झाला. हा गांव आज बेल्जम देशांत आहे. परंतु तो देश स्वतंत्र झाला १८३० सालीं, म्हणजे ॲडॉल्फ पंधरा-सोळा वर्षांचा असतां. त्याचें मूळ नांव आंत्वान-जोसेफ असें होतें. पण लहानपणापासून सर्वजण त्यास ॲडॉल्फ म्हणत. अकरा भावंडांत तो सर्वांत वडील. त्याचे वडील शार्ल-जोसेफ हे मूळचे लांकूडकाम करणारे. पुढें स्वतःच्या बुद्धीनें ते वाद्यें तयार करावयास शिकले, ब्रुसेल्स शहरीं त्यांनीं कारखाना काढला, आणि राजदरबारासाठीं वाद्यें पुरविण्याचा मान त्यांस मिळाला.

बाळपणीं ॲडॉल्फवर इतकीं संकटें आलीं कीं, हा मुलगा हातीं लागेल अशी आशा त्याच्या आईस राहिली नव्हती. तो जिन्यावरून खालीं कोसळला. त्यानें टांचणी गिळली. दूध समजून पाण्यांत मिसळलेलें तेजाब प्याला. बंदुकीच्या दारूच्या भडक्यानें भाजला. आणि एकदां तर नदींत बुडतां बुडतां वांचला, असें सांगतात. शेजारीपाजारी त्यास थट्टेनें भूत म्हणूं लागले होते. परंतु ज्याच्या हातून कांहीं कार्य व्हावयाचें असतें, त्याचें रक्षण ईश्वर करितो. इतक्या संकटांतून वांचलेला हा मुलगा पुढें एकोणऐशीं वर्षांचा होऊन वारला.

वडिलांच्या कारखान्यांतच त्याचें शिक्षण झालें. लांकूड कांतणें, पितळ ठोकणें, छिद्रें पाडणें, चाव्या बसविणें हीं सर्व कामें त्यानें स्वतःच्या हातांनीं केलीं. परंतु तो केवळ कारागीर राहिला नाहीं. ब्रुसेल्सच्या संगीतशाळेंत जाऊन तो फ्लूट व क्लॅरिओनेट वाजवावयास शिकला, आणि क्लॅरिओनेटवर त्याचा हात उत्तम बसला. कारागिरास वाजवितां येत नाहीं व वाजविणारास वाद्य करितां येत नाहीं, अशी सर्वत्र स्थिति असते. ॲडॉल्फच्या ठिकाणीं दोन्ही विद्या एकत्र आल्या. बोट कोठें अडतें, सूर कोठें घसरतो, हें तो वाजवितांना जाणी. आणि तो दोष दूर कसा करावा, हें तो कारखान्यांत बसून शोधी.

त्या काळीं वाद्यें बनविणारे लोक बहुधा परंपरेनें व अंदाजानें काम करीत. वाद्य कशाचें केलें आहे यापेक्षां त्याच्या नळींतील हवेच्या स्तंभाचें प्रमाण कसें आहे, यावर स्वराचा गुण अवलंबून असतो, असें ॲडॉल्फचें ठाम मत होतें. या नियमास अनुसरून त्यानें प्रथम खर्जाची क्लॅरिओनेट सुधारण्याचें काम हातीं घेतलें. पूर्वीचें हें वाद्य बेढब व बेसूर असे. १८३८ सालीं, वयाच्या चोविसाव्या वर्षीं, त्यानें आपल्या सुधारलेल्या वाद्याची सनद मिळविली. पुढें ब्रुसेल्सच्या औद्योगिक प्रदर्शनांत परीक्षकांनीं त्याच्या कामाची वाखाणणी केली. परंतु वय लहान म्हणून सुवर्णपदक मात्र त्यास नाकारण्यांत आलें. या अन्यायानें त्याचें मन विटलें, आणि १८४२ च्या सुमारास, खिशांत फारसा पैसा नसतां, तो पॅरिसला गेला.

पॅरिसमध्यें त्यास एक थोर मित्र लाभला. प्रसिद्ध संगीतकार हेक्टर बर्लिओझ यानें जून १८४२ मध्यें एका वर्तमानपत्रांत लेख लिहून ॲडॉल्फच्या नव्या वाद्यांची मुक्तकंठानें स्तुति केली. ३ फेब्रुवारी १८४४ रोजीं बर्लिओझच्या एका रचनेंत ॲडॉल्फनें स्वतः आपलें नवें वाद्य लोकांपुढें वाजविलें. त्या वाद्यास त्याच्याच आडनांवावरून सॅक्सोफोन हें नांव पडलें होतें.

या वाद्यांत नवीन तें काय होतें? बँडमध्यें एका बाजूस कर्णे व तुताऱ्यांसारखीं मोठ्या आवाजाचीं पितळी वाद्यें असत, तर दुसऱ्या बाजूस क्लॅरिओनेट व फ्लूट हीं कोमल आवाजाचीं वाद्यें असत. मोकळ्या मैदानांत दुसऱ्या बाजूचा आवाज पहिलीखालीं बुडून जाई. या दोहोंस जोडणारा दुवा सॅक्सनें निर्माण केला. क्लॅरिओनेटप्रमाणें बोरूच्या पातळ पट्टीनें, म्हणजे रीडनें, वाजणारें तोंड त्यानें घेतलें, आणि तें क्रमाक्रमानें रुंद होत जाणाऱ्या पितळेच्या नळीस जोडलें. यामुळें आवाज मोठा असूनही मृदु राहिला. शिवाय शिकणाराची एक मोठी सोय झाली. क्लॅरिओनेटची नळी सरळ एकसारखी असते. त्यामुळें वरच्या सप्तकांत गेल्यावर बोटांची योजना बदलते. सॅक्सोफोनमध्यें अंगठ्याची एक चावी दाबली म्हणजे बहुतेक त्याच बोटांनीं वरचें सप्तक निघतें. जें एकदां शिकलें, तें दोनदां उपयोगीं पडतें.

पॅरिसच्या जुन्या कारखानदारांस हा परका तरुण डोळ्यांत सलूं लागला. फ्रान्सच्या लष्करी बँडची सुधारणा करावयाची होती; तीसाठीं २२ एप्रिल १८४५ रोजीं पॅरिसच्या मोठ्या मैदानावर हजारों लोकांसमक्ष दोन बँडांचा सामना झाला. एक बँड जुन्या पद्धतीचा, दुसरा सॅक्सच्या वाद्यांचा. सॅक्सच्या बाजूस वादक कमी होते. तरी लोकांचा कौल त्याच्याच बाजूनें पडला, आणि त्याच वर्षीं सरकारनें लष्करांत त्याचीं वाद्यें घेण्याचें ठरविलें. १८४६ सालीं सॅक्सोफोनची सनद त्यास मिळाली. या सनदेंत एकच वाद्य नव्हतें. उंच स्वराच्या लहान वाद्यापासून खर्जाच्या मोठ्या वाद्यापर्यंत एक संपूर्ण कुटुंबच होतें.

यश मिळालें, पण शांति मिळाली नाहीं. प्रतिस्पर्ध्यांनीं एकत्र होऊन त्याची सनद रद्द करविण्यासाठीं फिर्यादी लाविल्या, आणि हे खटले वर्षानुवर्षें चालले. बहुतेक खटले त्यानें जिंकले, परंतु त्यांत त्याचा पैसा व काळ खर्चीं पडला. १८४८ च्या राज्यक्रांतीनंतर लष्करानें त्याचीं वाद्यें काढून टाकलीं. तीं परत आलीं १८५४ सालीं, तिसऱ्या नेपोलियनच्या कारकीर्दींत. मध्यंतरीं १८५२ त त्याचें दिवाळें निघालें. त्यांतच त्याच्या ओंठास दुर्धर गांठ आली. जो मनुष्य ओंठांनीं वाद्य वाजवितो, त्यास याहून मोठें संकट तें कोणतें? कित्येक वर्षें तो मरणाच्या छायेंत राहिला. परंतु १८५९ च्या सुमारास तो बरा झाला, आणि पुन्हा कामास लागला.

या सर्व धांवपळींत त्याच्या हातून एक कार्य झालें, तें आमच्या विषयाच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचें आहे. १८५७ सालीं पॅरिसच्या सरकारी संगीतविद्यालयांत लष्करी विद्यार्थ्यांसाठीं सॅक्सोफोनचा वर्ग निघाला, आणि त्याचा शिक्षक म्हणून सॅक्सचीच नेमणूक झाली. ज्यानें वाद्य निर्माण केलें, तोच आतां नवशिक्यांच्या हातीं तें देऊं लागला. विद्यार्थ्यांस वाजवावयास चांगल्या रचना नव्हत्या, म्हणून जाँ-बाप्तिस्त सिंजेले वगैरे संगीतकारांच्या रचना त्यानें स्वतः छापून प्रसिद्ध केल्या. नुसतें वाद्य देऊन शिक्षण होत नाहीं. गुरु व योग्य पाठ हेही त्याबरोबर द्यावे लागतात, हें त्यास पक्कें ठाऊक होतें. १८७० सालीं फ्रान्स व प्रशिया यांचें युद्ध पेटलें आणि हा वर्ग बंद पडला. तो पुन्हा सुरू झाला तो १९४२ सालीं, मार्सेल म्यूल याच्या हाताखालीं. म्हणजे बहात्तर वर्षें ती जागा रिकामी राहिली.

१८६७ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनांत सॅक्सला सर्वश्रेष्ठ पारितोषिक मिळालें. तरीही १८७३ त व १८७७ त पुन्हा दिवाळें निघण्याचा प्रसंग त्याच्यावर आला. मोठ्या हौसेनें जमविलेला जुन्या वाद्यांचा संग्रहही त्यास लिलांवांत गमवावा लागला. फेब्रुवारी १८९४ मध्यें पॅरिस येथें दारिद्र्यांत त्याचा अंत झाला. आपलें वाद्य पुढें अमेरिकेंतील जॅझ संगीताचा प्राण होईल, हें पाहण्यास तो राहिला नाहीं. आपल्या देशांतही तें वाद्य परकें राहिलें नाहीं. गोव्यांतील चर्चच्या शाळांत स्वरलिपि शिकून मुंबईस आलेल्या अनेक वादकांनीं तें नृत्याच्या व चित्रपटांच्या वाद्यवृंदांत घुमविलें. आणि कद्री गोपालनाथ यांनीं, जे २०१९ सालीं निवर्तले, त्यावर कर्नाटक संगीत वाजवून दाखविलें.

आतां या चरित्रावरून पहिला सॅक्सोफोन घेणाऱ्या विद्यार्थ्यानें काय बोध घ्यावा? प्रथम हें कीं, कोणता सॅक्सोफोन घ्यावा या चिंतेनें घाबरून जाऊं नये. सॅक्सनें सर्व कुटुंबास बोटांची योजना एकच ठेविली आहे; जो एक शिकला, तो थोड्या सरावानें दुसरा वाजवूं शकतो. तरी आरंभीं आल्टो नांवाचा मध्यम आकाराचा प्रकार बहुतेक मुलांस सोईचा पडतो. त्याचें वजन मुलास झेपतें, बोटें चाव्यांपर्यंत पोंचतात, आणि त्यास दम बेताचा लागतो. टेनर त्याहून मोठा व जड असतो. अंगानें मजबूत असलेल्या मुलानें तो घेण्यास हरकत नाहीं. सरळ नळीचा लहान सोप्रानो पाहून मूल भुलतें. परंतु तो सुरांत ठेवणें फार कठीण, म्हणून तो मागाहून घ्यावा. बॅरिटोन नवशिक्यास फार अवजड होतो.

दुसरें असें कीं, चकाकी पाहूं नये. हवा कोठें निसटते तें पाहावें. चाव्यांखालीं चामड्याच्या गाद्या असतात, त्यांस पॅड म्हणतात. जुन्या वाद्यांत त्या झिजलेल्या किंवा फाटलेल्या असतात, आणि तेथून हवा गेली कीं खालचे स्वर निघत नाहींत. अंधाऱ्या खोलींत नळींत लहानसा दिवा सोडावा व चावी दाबून गादीच्या कडेनें उजेड दिसतो कीं काय तें पाहावें. नळीस मोठे पोचे नसावेत, चाव्यांच्या दांड्या वांकलेल्या नसाव्यात. सर्वांत उत्तम उपाय म्हणजे जाणत्या वादकास बरोबर न्यावें व त्याजकडून खालचे स्वर हळू वाजवून घ्यावे. त्याच्यासारख्याच्या हातूनही ते निघाले नाहींत, तर तें वाद्य कितीही स्वस्त असलें तरी महागच आहे. चांगलें दुरुस्त केलेलें जुनें वाद्य नव्या पण कच्च्या वाद्यापेक्षां शतपटीनें बरें. रीड आरंभीं मऊ, दोन क्रमांकाच्या आसपासची घ्यावी. कठीण रीड वापरण्यांत पुरुषार्थ नाहीं. वाद्य गळ्यांत अडकविण्याचा पट्टा नीट आंवळावा, म्हणजे मान वांकवून वाजवावें लागत नाहीं.

पालकांस एवढेंच सुचवावयाचें कीं, कष्टाचा पैसा खर्च करून मुलास वाद्य घेऊन द्यावयाचें, तर ज्या वाद्यांत दोष आहे तें देऊं नये. असें वाद्य पैसा तर गिळतेंच, पण त्याबरोबर मुलाचा आत्मविश्वासही गिळतें. आणि पैसा परत मिळवितां येतो, आत्मविश्वास सहज मिळत नाहीं. विद्यार्थ्यांनींही हें ध्यानांत ठेवावें कीं, निर्दोष वाद्य हातीं आल्यावर मात्र सबब सांगण्यास जागा उरत नाहीं. तेथून पुढें नित्याचा अभ्यास हाच एक मार्ग. सॅक्सनें वाद्यांतील अडथळे दूर केले. आळसाचा अडथळा दूर करणें त्याच्या हातचें नव्हतें. तें काम त्यानें आमच्याकडे ठेविलें आहे.